आईला सांगितलेले बग

धाकट्याने लॅपटॉप उघडला आणि खुर्ची आईच्या पलंगाला टेकवली. पक्षाघाताचा झटका आल्यापासून आई बोलत नव्हती, नजर कायम छताला. "बोलत राहा तिच्याशी," डॉक्टर म्हणाले होते. आता बोलायचं काय? या पठ्ठ्याला सॉफ्टवेअरखेरीज कशातलं ओ की ठो कळत नव्हतं. मग तो तेच सांगायचा. आईने जन्मभर शिवणकाम केलेलं, आणि पोराच्या धंद्याची टर उडवायला तिला भारी आवडायचं. "दिवसभर खुर्चीत बसता आणि त्याला म्हणे स्प्रिंट!" म्हणत ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायची. तसं तिने एकदा, फक्त एकदा हसावं, एवढंच त्याला हवं होतं.

"आई, बग म्हणजे आमचीच चूक. पण किडा म्हटलं की कशी बाहेरून आल्यासारखी वाटते! आणि तोच किडा गिऱ्हाइकाला आवडला, तर त्याला फीचर म्हणायचं."

आई ढिम्म.

"टेस्टिंग म्हणजे पेपर आपणच काढायचा, आपणच सोडवायचा, आणि तरी नापास व्हायचं."

अडलेलं काम मोठ्याने कुणाला समजावून सांगितलं की चूक आपसूक सापडते, हे त्याच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक. काहीजण त्यासाठी टेबलावर रबरी बदक ठेवतात आणि त्यालाच सगळं समजावत बसतात. आईला सांगता सांगता याचेही बग पटापट सापडू लागले. ऑफिसात वाहवा झाली, साहेबांनी पाठ थोपटली. धाकट्याला त्या कौतुकाची लाज वाटायची. त्याने आईचं बदक केलं होतं, आणि तिचं बोटसुद्धा हललं नव्हतं.

त्या संध्याकाळी तो पॅचवर आला. "पॅच म्हणजे ठिगळ गं. तू बिचारी ठिगळ लपवायचीस. आम्ही ते लावतो आणि गावभर सांगत सुटतो, नवीन आवृत्ती आली म्हणून!"

खळखळून हसू फुटलं. मध्येच श्वास अडकणारं, नाकातून सूं करणारं, थेट आईचं. धाकटा ताडकन उठला. "आई!"

आईचे ओठ मिटलेलेच होते. दारात ताई उभी होती, एका हातात औषधाची बाटली, दुसरा हात तोंडावर.

तो तिच्याकडे बघत राहिला. इतक्या वर्षांत हे त्याच्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

"ताई, पुन्हा हस ना," तो म्हणाला. "एकदाच."

ताईने हसायचा प्रयत्न केला. तिला रडूच आलं.