दुसरा आवाज

अमेरिकन कंट्री गाण्यांच्या नॅशव्हिल शहरात गाणं स्टुडिओत पुरं होत नाही. तिथले मोठाले स्पीकर लाडावलेले; ते सगळ्यांनाच गोड म्हणतात. गाणं पुरं होतं ते गाडीत. म्हणून लूएला रेकॉर्डिंग उरकून थेट घरी आली आणि अंगणातूनच हॉर्न वाजवत बसली.

ऑर्विल कॉर्नब्रेडचा तुकडा हातात तसाच घेऊन बाहेर आला आणि जुन्या पिकअपमध्ये बायकोच्या शेजारी बसला. लग्नाआधीपासून दोघं जोडीने गात होती. ती पुढे, आणि तो तिच्या सुराखाली आपला सूर अंथरायचा. नवं गाणं आधी या गाडीत ऐकायचं आणि तो ‘हं’ म्हणाला तरच बाहेर जाऊ द्यायचं, अशी त्यांची रीत.

"कंट्री रेडिओसाठी आपण दोघांनी गायलेलं झालंच आहे," लूएला म्हणाली. "हे पॉपवाल्यांसाठी. रेकॉर्ड कंपनीने कंट्रीवाली स्टील गिटार काढलीय, ड्रम वाढवलेत. आणि…"

"आणि मला काढलंय."

"तुझ्या जागी मायलो गायलाय. लॉस एंजेलिसचा तो पोरगा. तू नको म्हणालास तर हे नको. तसं सांगूनच आलेय मी. पण ऐकायच्या आधी चिडू नकोस."

"मी कशाला चिडू? शाळेत आहे का मी?" असं म्हणत त्याने खिडकीची काच उगाचच खाली केली.

लूएलाने गाणं लावलं.

नदी ओलांडून गेलास, राजा,
माझं पाणी नेलंस कशाला…

‘कशाला’वर ऑर्विलचा सूर दर वेळी किंचित थबकायचा, उंबऱ्यावर पाऊल थबकावं तसा. ते थबकणं त्याने कुणाला शिकवलं नव्हतं. लूएलाच्या आईला मूठमाती देताना तो हे गाणं गायला, तेव्हा ते गळ्यात येऊन बसलं ते बसलंच. आता तेच मायलोच्या कोवळ्या गळ्यातून येत होतं, लूएलाच्या आवाजाला बिलगून. पोराने ऑर्विलचं रेकॉर्डिंग ऐकून ऐकून श्वाससुद्धा उचलले होते. परका माणूस आपला सदरा घालून आपल्याच बिछान्यावर बसलेला दिसावा, तसं ऑर्विलला वाटलं. आणि लूएला! नवऱ्याबरोबर गाताना ती जपून पाऊल टाकायची. इथे ती पदर खोचून धावत सुटली होती.

"बोल की," ती म्हणाली.

"‘कशाला’वर पोरगा सुरातून उतरतो."

"खरंच? मला नाही जाणवलं."

"तुला कसं जाणवेल? तू गात होतीस ना."

लूएलाने फोन उचलून कंपनीला लावला. "हॅलो, लूएला बोलतेय. पॉपचं राहू दे, नको. पोरगा उतरतोय… नाही, मशीनवर तपासायची गरज नाही. ऑर्विल म्हणाला ना."

ती भांडली असती तर बरं झालं असतं. त्याची सगळी उत्तरं तयार होती. तिने तर पुन्हा ऐकूनसुद्धा पाहिलं नाही.

"ठेव तो फोन," ऑर्विल म्हणाला.

"अरे, बोलतेय मी!"

"आधी ठेव. सुरात आहे तो. खुंटा ठोकल्यासारखा सुरात आहे लेकाचा."

"पुन्हा करते हं," असं सांगून तिने फोन ठेवला आणि नवऱ्याकडे वळून बसली. "जळतोयस तू, ऑर्विल टॅकेट."

"जळतोय. धूर दिसत नाही का?"

तिला हसू आलं, पण तिने ते दाबलं. "मग नको म्हणू ना त्यांना?"

"तू गाण्याचं विचारतेस की माझं?"

"दोन्ही."

"गाण्याला ‘हं’. माझं विचारू नकोस."

लूएलाने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला, मग फोन घेऊन खाली उतरली. "बाहेर जाऊ दे ते गाणं," असं तिने सांगितलेलं त्याला उघड्या काचेतून ऐकू आलं.

तो गाडीतच राहिला. आवाज अगदी बारीक करून त्याने गाणं पुन्हा लावलं आणि कान देऊन बसला, या खेपेला तरी पोरगा उतरेल म्हणून.

नाही उतरला.