माझं ब्याऐंशीवं पान

मित्रांनो, मी एक जुना, जाडजूड ग्रंथ आहे आणि विद्यापीठाच्या ग्रंथालयात भिंतीकडच्या कपाटात राहतो. जुना म्हटलं म्हणून माझी कीव करू नका. नदीवर प्रबंध लिहायचा आणि माझं नाव घ्यायचं नाही, हे आमच्याकडे आजवर कुणाला जमलेलं नाही.

माझे लेखक पाटबंधारे खात्यात होते. उन्हापावसात काठावर उभं राहून त्यांनी उभी हयात एकाच नदीचं पाणी मोजलं आणि निवृत्त झाल्यावर ते सगळं माझ्यात उतरवलं. तेव्हा मोठाले कागद घडी घालून तसेच शिवायची पद्धत होती. घड्यांच्या कडा वाचणाऱ्याने सुरीने कापायच्या, तेव्हा कुठे आतली पानं उघडत. माझ्या कडा कापायला कुणी आलंच नाही.

तरी नाव मात्र गाजलं. कुणा एका अभ्यासकाने मला उभ्या उभ्या चाळलं. घडीबाहेरचं एक्याऐंशीवं पान तेवढं त्याला दिसलं. तळाशी छापलं होतं, ‘या नदीला दर बारा वर्षांनी मोठा पूर येतो’. त्याने ते उचललं आणि खाली माझं नाव, पान टाकून मोकळा झाला. पुढच्याने ते त्याच्या प्रबंधातून घेतलं, त्याच्या पुढच्याने त्याच्यातून. दाखला माझा, पण मला कुणी हात लावला नाही. मी आपला कपाटात ऐटीत बसून होतो. नाव घेतलं की कुणाला बरं वाटत नाही?

मग एक संशोधक मुलगी आली. तिचा प्रबंध लिहून होत आला होता आणि त्यातला तिसरा अध्याय माझ्या त्या वाक्यावरच उभा होता. महिनाअखेरीस प्रबंध दिला, तर कॉलेजातली नोकरी तिला मिळणार होती. तिला फक्त माझं प्रकाशनवर्ष हवं होतं, कारण दोन प्रबंधांत दोन वेगळी वर्षं दिली होती. वर्ष मिळालं. आलोच आहोत तर वाक्यही बघू, म्हणून तिने एक्याऐंशीवं पान काढलं. वाक्य तिथे संपलेलंच नव्हतं, आणि पुढचं पान काही उघडेना.

“मॅडम, ही पानं जोडलेलीच आहेत,” ती म्हणाली.

ग्रंथपालबाईंनी चष्मा सावरला. “अगंबाई, मग इतक्या जणांनी वाचलं काय, पुठ्ठा?”

त्यांनी सुरी घेतली आणि हलक्या हाताने कड कापली. माझा ऊर भरून आला. माझ्या लेखकांचं म्हणणं आज पहिल्यांदा उजेडात येत होतं. ब्याऐंशीव्या पानावर वाक्य पुढे चालू होतं, ‘असं काठावरचे लोक सांगतात. माझ्या मोजमापांत मात्र असा कोणताही क्रम आढळत नाही.’

मुलीने वाक्य शेवटपर्यंत वाचलं. सगळा अध्यायच कोसळला होता. ती गप्प राहिली असती तर कुणाला पत्ताही लागला नसता. पण दुसऱ्याच दिवशी ती आपल्या मार्गदर्शक सरांना माझ्यापाशी घेऊन आली. सरांनीही तरुणपणी स्वतःच्या प्रबंधात हाच दाखला दिला होता. त्यांनी दोन्ही पानं वाचली आणि पुन्हा वाचली.

“आता काय करू, सर?”

“अध्याय नव्याने लिही. दाखला दोन्ही पानांचा दे. आणि हे वाक्य अर्धवट कुणी कुणी वापरलं, तेही खाली लिही.”

“त्यात तुमचं नाव...”

“पहिलं घाल. माझ्या प्रबंधाचं पान एकशे बारा असावं. पण माझ्या सांगण्यावर जाऊ नकोस, उघडून बघ आणि मगच लिही.”

महिनाअखेर हुकली आणि नोकरी दुसऱ्या कुणाला मिळाली. त्याची मला अजून हळहळ वाटते. पण तिचा प्रबंध ग्रंथालयात आला, तेव्हा माझ्या लेखकांचं नाव, माझं नाव, वर्ष आणि दोन्ही पानं, सगळं जागच्या जागी होतं. त्या दिवशी मला जो अभिमान वाटला, तो आधीच्या सगळ्या दाखल्यांनी मिळून दिला नव्हता.

मित्रांनो, दुसऱ्याचं घेताना त्याचं नाव सांगता, हे चांगलंच करता. पण नाव घेण्याआधी त्याचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घ्या. माझ्या लेखकांनी जन्मभर नदी मोजली. तुम्हाला फक्त एक पान उलटायचं आहे.