वहिनींची वही

मी वही बोलतेय. शाळेतली नव्हे, नाटक कंपनीतली. तीनशे पानांची, निळ्या कापडी बांधणीची आणि सध्या पुरती वैतागलेली. अख्खं नाटक माझ्या पोटात आहे आणि मला तोंड नाही, आता बोला!

आमचे मालक कंपनी चालवायचे आणि मुख्य नटही तेच. गावोगाव फिरून तीस वर्षं त्यांनी एकच म्हातारा राजा रंगवला. मुलाला राज्याबाहेर हाकलणारा आणि शेवटी त्याच्यासाठी दार उघडायला लावणारा. सुरुवातीला पांढरी दाढी चिकटवावी लागे, पुढे तो खर्च वाचला. मला विंगेत धरून उभ्या राहायच्या त्यांच्या पत्नी. सगळी कंपनी त्यांना वहिनी म्हणे, म्हणून मी 'वहिनींची वही'. माझ्यातलं अक्षर न् अक्षर त्यांच्या हातचं.

मालकांचा एक नियम होता. राजदंड आपटला की तो विराम, तेव्हा विंगेतून वाक्य द्यायचं नाही. "मी विसरत नसतो, थांबत असतो," असं ते ऐटीत सांगत. आधी ते खरंही होतं. पण साठी उलटली आणि ते खरोखरच विसरू लागले. तरी दंड आपटणं चालूच! वहिनींनी ओळखायचं कसं? वाक्य माझ्या पानावर ठळक अक्षरात, आणि मी नुसती चरफडतेय.

"अहो, नुसती मान हलवा, मी हळूच सांगेन," वहिनी म्हणायच्या.

"मला? मला वाक्य सांगणार तू?"

विषय संपला.

मग तो दुपारचा प्रयोग आला. शेवटचा प्रवेश. मालकांनी दंड आपटला. पुन्हा आपटला. पुढच्या रांगेत खोकले सुरू झाले. वहिनींना राहवेना. "दार उघडा," त्या कुजबुजल्या. मालक ढिम्म. "दार उघडा!" त्या जरा मोठ्याने म्हणाल्या. मालकांनी ऐकलं नाही, पण सेटमागच्या सुताराने ऐकलं. त्याला वाटलं, राजाचा हुकूम झाला. त्याने दार सताड उघडलं. दारात हद्दपार राजपुत्र बशीत चहा ओतून फुंकर मारत उभा!

प्रेक्षक खदाखदा हसले. मालक विंगेकडे वळून गरजले, "बंद करा ती बडबड!" त्यावर तर टाळ्या पडल्या. वहिनींनी मला मिटलं, काखेत घेतलं आणि सरळ जाऊन कंपनीच्या गाडीत बसल्या. शेवटचं वाक्य सांगायला कुणी उरलंच नाही. राजाला काही सुचेना, तेव्हा राजपुत्रानेच म्हणे मिठी मारली आणि पडदा ओढावा लागला.

थोड्या वेळाने मालक गाडीत आले. अर्धा रंग तोंडावर तसाच.

"उद्या लवकर निघू."

"मी येणार नाही."

"मग वही कोण धरणार?"

"तुम्हाला कुठे वही लागते?"

मालकांनी मला उचललं. तीस वर्षांत पहिल्यांदा! पानं उलटली, पुन्हा उलटली, त्यांना काही सापडेना. अहो, शेवटून दुसरं पान! माझा जीव नुसता तळमळत होता. अखेर त्यांनी खालच्या आवाजात विचारलं, "दार उघडल्यावर राजा काय म्हणतो गं?"

वहिनी खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "'आत ये. उशीर माझ्याकडून झाला.'"

"एवढंच?"

"एवढंच."

मालकांनी मला मिटून वहिनींच्या मांडीवर ठेवलं. ते वाक्य काही त्यांच्या तोंडून निघालं नाही.

कंपनी त्याच महिन्यात बंद झाली. मी आता त्यांच्या कपाटावर, जुन्या चादरींखाली पडून आहे. तुमच्यापैकी कुणी त्या घरी गेलात, तर मला खाली काढा आणि ते पान मालकांच्या हातात द्या. निदान एकदा मोठ्याने वाचायला लावा. कारण ते अजून आल्यागेल्याला छाती फुगवून सांगतात, "आयुष्यात मी कुणाला वाक्य विचारलं नाही."

वहिनी शेजारीच भाजी निवडत असतात. पाहुणा त्यांच्याकडे बघतो. आणि त्या, काय सांगू तुम्हाला, मान हलवून "हो" म्हणतात.