पूजेतला पाना

अठ्ठावन्न सालची खंडेनवमी. बंगळूरच्या बसवनगुडीत घरोघरी आरत्या चालल्या होत्या, आणि अंगणातल्या जुन्या ऑस्टिनमध्ये, कमलाअक्कांच्या मांडीवर सात वर्षांची तुंगा श्वासासाठी तडफडत होती. ओठ काळेनिळे पडले होते. दवाखाना गाठायला सणामुळे रस्त्यावर घोड्याची एकही जटकागाडी नव्हती. हयवदनराव हँडल मारून मारून घामाघूम झाले, पण गाडी नुसती गुरगुरून गप्प होई.

बॉनेट उघडताच त्यांनी कपाळाला हात लावला. "अगं, इंजिनाला अभ्यंग घातलंस की काय? प्लगवर हळदीचं पाणी साचलंय सगळं!"

"पूजेचं म्हणून स्वल्पच शिंपडलं हो..." अक्का पुटपुटल्या.

"प्लग काढून पुसायला हवेत. पण पाना..."

पाना देव्हाऱ्यासमोर फुलांखाली होता. पूजेतलं हत्यार उद्यापर्यंत हलवायचं नाही, हा नेम अक्कांनी आजवर कधी मोडला नव्हता. तुंगाला सीटला टेकवून त्या आत धावल्या, फुलं सारली आणि पाना उचलून आणला. हयवदनराव एकेक प्लग काढत गेले, त्या पदरानं पुसत गेल्या.

हँडल फिरलं. इंजिन खोकलं, अडखळलं, मग धडधडू लागलं.

तुंगाला छातीशी धरत अक्का ओरडल्या, "चला हो, चला! श्वास आहे अजून!"