गौरीचे हात

लालबागच्या चाळीत मालनबाईंनी चाळीस वर्षं एक नियम पाळला होता. गौर सजवायला गावाहून लाल-पिवळ्या फुलांचा जो रानवेल येई, त्याचं दुसरं नाव घरात काढायचं नाही. म्हणायचं फक्त ‘गौरीचे हात’. माहेरी येताना गौर कुंपणात अडकली आणि तिचे हात तिथेच फुलून राहिले, असं त्यांना सासूने सांगितलं होतं. दुसरं नाव काढलं की घरात भांडण पेटतं, हेही तिनेच सांगितलं. मुलगा विनीत आणि सून आकांक्षा घरात भांडण होऊन दोन वर्षं वेगळी राहून नुकतीच परतली होती. यंदा तर मालनबाईंनी तोंडाला कुलूपच लावलं.

नाव झाकलं म्हणून गुण थोडेच झाकले जातात? पण एवढा विचार करायला सवड कुणाला होती!

चतुर्थीच्या आदल्या दिवशी दीर लवूने सावंतवाडीहून गोणी धाडली. तळाला अळकुड्या, सुरण, आणि वर तो वेल, ताजा राहावा म्हणून मुळांसकट. मालनबाईंनी तो ओल्या फडक्यात गुंडाळून गॅलरीत ठेवला.

ऋषिपंचमीला दुपारी त्या वेलावर पाणी शिंपडायला गेल्या, तर खालची मुळं कापलेली.

“आकांक्षा, ह्येचे कंद खंय गेले गो?”

“भाजीत घातले, आई. ऋषीच्या भाजीला न नांगरता उगवलेलंच लागतं ना? काल मी विचारलं हे काय, तर तुम्ही म्हणालात गौरीचे हात. म्हटलं, देवीचंच आहे, चांगलंच असेल.”

पोर नागपूरची, इथल्या रीती मनापासून शिकत होती. तिचं काहीच चुकलं नव्हतं. तो कंद गावात गुरांच्याही तोंडाला लागू देत नाहीत, हे मालनबाईंनी तिला एका शब्दाने सांगितलं नव्हतं.

“तू खाल्लंस?”

“नाही, आपली पूजा व्हायचीय ना. विनीतने सकाळी वाटीभर खाल्ली आणि डब्यातही नेली.”

मालनबाईंनी फोन तिच्या हातात दिला. आकांक्षाला काही कळेना, पण तिने फोन लावून दिला. परळच्या ऑफिसातून विनीतचा आवाज आला.

“आई, भाजी हिट आहे. डबा ऑफिसातल्या उन्मेषला दिला, तो म्हणतो एक नंबर.”

“विनीत, ऐक. गौरीचे हात म्हणजे कळलावी आसा. तिचो कंद पडलो भाजीत. विष आसा तां. त्याच्याकडून डबो काढून घे, नि दोघा आत्ताच्या आत्ता हॉस्पिटल गाठा.”

आकांक्षाने उरलेली भाजी उचलून बाजूला ठेवली.

“आई,” विनीत म्हणाला, “दहा वाजल्यापासून मला तीनदा उलटी झालीय. म्हणून तर डबा त्याला दिला.”