खांडीचा दगड

दाराजवळची खुर्ची मी मुद्दाम धरली होती. समर्थचा खोकला चार दिवस हटत नव्हता, आणि त्या सभागृहाच्या जिन्याला कठडा नव्हता. पोरगं मांडीवरून सुटलं की माझं अर्धं लक्ष त्या जिन्याकडे. तरी आले. 'कोकण किनाऱ्याचा वारसा' अशा व्याख्यानमालेचा फलक नाशकात लागतो, आणि पेणच्या खारेपाटातल्या लेकीनं घरी बसायचं? माझा नवरा सोमनाथ अंबडच्या कारखान्यातली पहिली पाळी करून आला होता. जांभया देत का होईना, सोबत आला.

पहिले दोन दिवस बंदरं, किल्ले, गलबतं. छान वाटलं. तिसऱ्या दिवशी पडद्यावर आमचा बांध आला. खाडीचं खारं पाणी भातशेतात शिरू नये म्हणून गावानं घातलेला मातीचा बांध, आणि त्यावर शेंदूर लावलेला दगड. मी सोमनाथचं मनगट दाबलं. "आमचं गाव!"

"हा खंडीचा दगड," वक्ते म्हणाले. "खंडी म्हणजे वीस मण. शेतसाऱ्याचं भात इथं मोजत. आता अडाणी लोक त्याला शेंदूर फासतात." लोक हसले. "येत्या रविवारी आपण तो उचलून मंडळाच्या संग्रहालयात आणतोय."

टाळ्या. माझे हात समर्थच्या पाठीवरच राहिले.

खंडीचा नाही हो. खांडीचा! बांध फुटून पडतं ते भगदाड म्हणजे खांड. माझे बाबा सात वर्षांचे असताना उधाणाच्या भरतीत बांध फुटला. बाया-पुरुष पेंढ्याचे भारे आणि चिखल घेऊन धावले. खांड बुजवताना माझी आजी, नवसाबाई, आत ओढली गेली. ओहोटीत शोधली, मिळाली नाही. तिथंच बांध पुन्हा घातला आणि वर दगड बसवला. आजही दर उन्हाळ्यात बांधाच्या डागडुजीचं पहिलं ढेकूळ त्या दगडापाशी पडतं.

प्रश्न चिठ्ठीवरच द्यायचे, असा तिथला नियम. मी पर्समधल्या औषधाच्या चिठ्ठीमागं लिहिलं: 'तो खांडीचा दगड आहे. माझी आजी तिथं गेली. तो हलवू नये.'

अध्यक्षांनी चष्मा वर केला. "एका भगिनीनं लिहिलंय, खांडीचा दगड... घाईत काना जास्त पडलेला दिसतो." पुन्हा हशा. पुढचं त्यांनी वाचलंच नाही. चिठ्ठी घडी करून तांब्याखाली ठेवली.

मी उभी राहिले. सोमनाथ पदर ओढत होता, "अगं, बस ना, लोक बघतायत."

"बघू देत. सर, काना बरोबर आहे. पुढचं वाचा."

"ताई, बाळाला घेऊन उभ्या राहू नका, बसा."

"बाळाचं मी बघते. माझी आजी त्या दगडाखाली आहे. तुम्ही कुणाला विचारलंत?"

वक्ते हसले. शाळेतल्या मुलीकडं बघून हसावं तसं. "लोककथा गोड असतात, ताई. पण इतिहासाला कागद लागतो." त्यांनी पिशवीतून एक कागद काढला. "गावाचं संमतिपत्र. खंडीचा दगड नेण्यास हरकत नाही. सही, जयराम धर्मा म्हात्रे, पंच."

जयराम धर्मा म्हात्रे म्हणजे माझे बाबा.

समर्थ खोकून रडायला लागला. मागून कुणीतरी म्हणालं, "घेऊन जा हो त्याला बाहेर." मी गेले. बाबांनी सही दिली? स्वतःच्या आईच्या दगडाची?

खाली एसटीडी बूथ होता. गावात फोन एकच, नाक्यावरच्या दुकानात. निरोप दिला, दहा मिनिटांनी पुन्हा लावला.

"बाबा, आजीचा दगड देऊन टाकलात?"

"डोकं फिरलं का गो तुझं? कोन म्हनतो?"

"तुमची सही आहे!"

"ती? ती खंडीच्या दगडाची. खोताच्या कोठारामागं पडलाय तो. त्याच्यावर माझ्या आज्याचं भात मोजून न्यायचे, दरवेळी चार पायली जास्त. दोन मानसं आली, गोड बोलली, म्हटली खंडीचा दगड न्यायचाय. म्हटलं न्या बाबांनो, डोल्यासमोरनं जाऊ दे एकदाचा."

"त्यांनी बांधावरच्या दगडाचा फोटो काढलाय, बाबा. रविवारी तोच उचलणार आहेत. तुमच्या सहीवर."

बाबा म्हणाले, "तिथं पहार लावनार?" आवाज एवढा बारीक, की मला वाटलं लाइन गेली.

"बाबा, ऐकताय ना? रविवारी सकाळपासून सगळ्यांना बांधावर बसवा. मी शनिवारी येते."

"पोराला घेऊन बांधावर? तूच म्हनत व्हतीस, पानी हाय, नको. आनि त्याला खोकला हाय ना?"

"हाय. तरी आनते. माजे मांडीवर बसल तो."

माझ्यामागोमाग खाली आलेला सोमनाथ माझ्याकडं बघत राहिला. त्याच्यासमोर मी अशी गावच्या बोलीत कधी बोलले नव्हते. मी समर्थला त्याच्याकडं दिलं.

"कुठं निघालीस?"

"वर."

व्याख्यान संपलं होतं. अध्यक्ष आणि वक्ते चहा घेत होते. मी टेबलावरचा तांब्या सरकवला आणि माझी चिठ्ठी उलगडून त्यांच्यासमोर ठेवली.

"हे पूर्ण वाचा. मोठ्यानं. सही कोठारामागच्या दगडाची आहे, बांधावरच्या नाही. त्या संमतिपत्राची नक्कल द्या मला."

"मंडळाचं ऑफिस उद्या दहाला उघडतं, ताई."

"पत्र यांच्या पिशवीत आहे," मी म्हटलं. "ऑफिस कशाला उघडायचं? पिशवी उघडा."