नऊची फेरी

आमच्या समुद्राकाठच्या गावात फिरायला येणाऱ्यांना मी फेऱ्या घडवते. चालायच्या फेऱ्या. हे आधीच सांगून टाकते, कारण त्या दिवशी तेवढंच सांगायचं राहिलं आणि पुढचा सगळा घोळ झाला.

माझ्या फेऱ्यांत लोकांना जास्त आवडते ती कुटुंब फेरी. बाबागाडी जाईल असा सपाट रस्ता, म्हाताऱ्यांना टेकायला बाक, आणि पोरं पाण्यात जाणार नाहीत असा कठडा, एवढं असलं की झाली कुटुंब फेरी. धक्क्यावरच्या शेडपासून निघायचं, बंधाऱ्यावरून चालायचं, शिंपल्यांच्या वाळूत पोरांना थोडं उधळू द्यायचं, दीपगृहाच्या पायथ्याशी बसायचं आणि परत धक्क्यावर. वाटेत कोणीतरी रडतं, कोणाचा तरी बूट हरवतो. माझा पगार खरं तर त्या बुटांसाठीच आहे.

आदल्या दिवशी ऑफिसातल्या फोनवर दादाचा आवाज आला. इतक्या वर्षांनी. मला आधी वाटलं, कोणीतरी बाबागाडीबद्दल विचारतंय.

"मी आलोय," तो म्हणाला. "आम्ही तिघं. उद्या दुपारच्या बसनं परत. आई भेटेल का?"

मी इतकी गडबडले की कुठे उतरलायस, नंबर काय, काही विचारलं नाही. एवढंच म्हणाले, "उद्या नऊच्या फेरीला ये. धक्क्यावर. आईला आणते."

तो म्हणाला, "फेरीला?"

"हो, फेरीला."

"हं," म्हणाला आणि फोन ठेवला. दादाचं हे 'हं' जुनं आहे. तो 'हं'वर अख्खा संसार करू शकतो.

आता आई आणि दादाचं काय बिनसलं ते सांगते. आमचे बाबा पलीकडच्या किनाऱ्याला जाणारी बोट चालवायचे. त्यांच्यामागे ती दादानं चालवावी, हे आईनं परस्पर ठरवून टाकलं होतं. दादाला बोटीत पाय ठेवला की पोटात ढवळायचं. तो घड्याळं दुरुस्त करायला शिकला आणि लांबच्या शहरात काम धरलं. निघताना आई दारात उभी राहून म्हणाली, "जातोयस ना? मग परत येऊ नकोस." आता असं कुठली आई म्हणत नाही? माझ्याशी तर ती भाजी खारट झाली तरी कायमचे संबंध तोडते. पण दादा शब्दाला धरून चालणारा माणूस. येऊ नकोस म्हटलं, तर तो आला नाही. लग्न तिकडेच झालं, मुलगी झाली. आई रोज म्हणायची, "येत कसा नाही हा?" आणि मी रोज म्हणायचे, "तूच सांगितलंस म्हणून." मग ती माझ्याशी बोलायची बंद व्हायची, चहापर्यंत.

आईच्या एका डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. त्यावर पट्टी, वरून काळा चष्मा, आणि दुसऱ्या डोळ्याला तसंही माणूस आणि खांब यातला फरक जवळ गेल्यावरच कळतो. तरी सकाळी लवकर उठून तयार होऊन बसली होती. हातात बाबांची पितळी शिट्टी. बोट सोडायच्या आधी बाबा ती वाजवायचे.

"नातीला देणार," ती म्हणाली. "आणि त्याला काय बोलायचं ते माझं ठरलंय. एकदाच बोलेन. मध्ये बोलू नकोस."

शेडपाशी नेहमीचा गोंधळ होता. एका बाबागाडीचं चाक अडकलेलं, दोन जुळे कठड्यावर चढलेले, आणि त्यांचे आजोबा सगळ्यांना विचारत होते की स्वच्छतागृह वाटेत आहे की नंतर. धक्क्याच्या टोकाला लाँच सुटत होती. मी वाकून चाक सोडवत असताना आईनं विचारलं, "आली का गं?"

लाल रबरी बूट घातलेली एक मुलगी आईबापांबरोबर धावत येत होती. माझ्या यादीतले शेवटचे राहिलेले तेच. मी म्हणाले, "आली, आली! आता निघू या."

तेवढ्यात त्या मुलीचा बाप तिला म्हणाला, "अगं, हळू. आजींचा हात धर बघू."

भला माणूस. काळा चष्मा लावलेली म्हातारी एकटी उभी दिसली, म्हणून म्हणाला. आपल्याकडे कोणतीही म्हातारी कोणाचीही आजी असते. मुलीनं हात धरला आणि आई त्या हाताकडे बघतच राहिली. मला वाटलं, डोळा दुखतोय.

मी बंधाऱ्यावरून पुढे चालत होते आणि सारखी मागे वळून बघत होते. दादा नव्हता. उशीर झाला असेल, मागून गाठेल, असं वाटलं. मग वाटलं, घाबरला. मग मला रागच आला. इतक्या लांब आलास आणि शेवटच्या गल्लीतून पळून गेलास? पण गंमत अशी की आईला काहीच वाटलेलं दिसत नव्हतं. ती लाल बुटांच्या मुलीबरोबर हळूहळू येत होती, तिला बोटांनी काहीतरी दाखवत होती, आणि चक्क हसत होती. दादा आला नाही म्हणून एवढी खूष? मला माझीच आई कळेना.

"आई, बरी आहेस ना?" मी मागे जाऊन विचारलं.

"मी सांगितलं होतं, मध्ये बोलू नकोस," ती म्हणाली.

वाळूत पोरं उधळली. एक बूट हरवला, सापडला, तो दुसऱ्याच पोराचा निघाला. मग आम्ही दीपगृहाशी पोचलो. मी तिथं दिव्याची माहिती सांगते. सांगता सांगता पाहिलं तर आई लांबच्या बाकावर त्या मुलीच्या बापाशेजारी बसलेली, आणि तिचं तोंड अखंड चालू. तो माणूस मान हलवत होता. मध्येच त्यानं माझ्याकडे पाहिलं, बुडणारा माणूस काठाकडे बघतो तसं. मी हात हलवला. मला वाटलं, आई नेहमीप्रमाणे डॉक्टरला नावं ठेवत असेल.

मग शिट्टी वाजली.

बाबांची शिट्टी. लाल बुटांची मुलगी ती तोंडात धरून गाल फुगवून वाजवत होती. माझ्या तोंडचं वाक्य तोंडातच राहिलं. आजोबांनी "मग दिवा फिरतो तो कशावर?" असं दोनदा विचारलं. 'आली का गं?' 'आली, आली.' आजींचा हात धर. सगळं एकदम डोक्यात जुळलं.

आता सांगायचं कसं? जाऊन म्हणू, आई, हा तुझा मुलगा नव्हे? आणि तुझा मुलगा आलेलाच नाही? मी दोनदा निघाले आणि दोनदा थांबले. आई डोळ्याची पट्टी सांभाळत रडत होती. त्या माणसानं तिच्या हातावर आपला हात ठेवला होता. इतक्या वर्षांत मी तिला इतकी हलकी झालेली पाहिली नव्हती. मी परत दिव्याकडे वळले आणि तो कशावर फिरतो ते साफ चुकीचं सांगितलं.

परतीच्या वाटेवर त्या माणसानं मला गाठलं. "अहो, त्यांनी मला कोणीतरी... मी सांगणार होतो, पण त्या थांबतच नव्हत्या. आणि नंतर सांगायला जीभ रेटेना."

"आई तुम्हाला माझा भाऊ समजली," मी म्हणाले. "तो यायचा होता. आला नाही."

"मग आता?"

मला तरी कुठं माहीत होतं?

धक्क्यावर पोचलो तेव्हा लाँच पलीकडून परत लागत होती. मुलीनं पुन्हा शिट्टी फुंकली. लाँचच्या कठड्याला धरून उभा असलेला, हिरवा पिवळा पडलेला एक माणूस दचकून सरळ झाला. दादा. मागे वहिनी, आणि तिला चिकटलेली एक बारीकशी मुलगी.

तो उतरला तो माझ्यावरच घसरला. "कुठे होतात तुम्ही? पलीकडे जाऊन बसलो, वाट पाहिली, परत आलो. तूच म्हणालीस ना, नऊच्या फेरीला ये?"

"अरे, फेरी म्हणजे चालायची फेरी!"

"चालायची? बाबांच्या बोटीला आपण काय म्हणायचो?"

फेरी. बाबांची फेरी. मी कपाळाला हात लावला. आता तिला सगळे लाँच म्हणतात आणि फेरी म्हटलं की माझी कुटुंब फेरी, पण हे त्याला कोण सांगणार? तो गेला तेव्हा गावात फेरी एकच होती.

"मला वाटलं, आईची अट असेल," तो खाली बघत म्हणाला. "आधी फेरीवर चढून दाखव, मग भेटते. म्हणून चढलो. येताना दोनदा उलटी झाली."

आईनं आवाज ऐकला होता. तिनं शेजारच्या माणसाकडे मान वळवली, मग दादाकडे, मग पुन्हा त्या माणसाकडे. एकेकाच्या अगदी जवळ जाऊन पाहिलं. तिचा चेहरा लाल झाला. हात ओच्याशी चाळा करायला लागले. मला कळत होतं, तिचं सगळं संपलं होतं. जे धीर गोळा करून एकदाच बोलायचं होतं, ते दीपगृहापाशी बोलून झालं होतं.

"आई," दादा म्हणाला.

"माझं बोलून झालंय," आई म्हणाली.

दादानं तिच्याकडे पाहिलं. "हं," म्हणाला, खाली ठेवलेली बॅग उचलली आणि वहिनीला म्हणाला, "चल. बस चुकेल."

मला ओरडायचं होतं, पण तेवढ्यात लाल बुटांच्या मुलीचा बाप आडवा उभा राहिला.

"थांबा हो. झालंय म्हणजे तसं नाही. खरंच बोलून झालंय. माझ्याशी."

"तुम्ही कोण?"

"कोणी नाही. फिरायला आलोय." त्याला घाम फुटला होता. शाळेत पाठ म्हणायला उभं केल्यासारखा तो हात बाजूला धरून बोलायला लागला. "त्या म्हणाल्या, 'येऊ नकोस' मी म्हणाले ते खरं धरायचं नव्हतं. तू जाऊ नयेस म्हणून म्हणाले. बोटीचं मी उगाच धरून बसले, तुला पाणी सोसत नाही हे मला तू लहान असल्यापासून माहीत होतं. तुझ्या लग्नाचं कळलं त्या दिवशी मी नवं पातळ नेसून घरात बसून होते. चूक माझी आहे. आणि..." तो अडखळला. "आणि तू घरी ये, एवढंच. असं म्हणाल्या. काही राहिलं का हो?"

धक्क्यावर सगळे आमच्याकडे बघत होते. आजोबासुद्धा. दादा बॅग धरून तसाच उभा होता.

"एक राहिलं," आई म्हणाली. "शेवटी यांनी माझ्या हातावर हात ठेवला होता."

दादा शब्दाला धरून चालणारा माणूस. त्यानं बॅग खाली ठेवली, आईपाशी गेला, आणि ठेवला.